आम्रपाली बनसोडेचं बेंदराचं कॅलेंडर

कराडात आमच्या आळीला एक खोड आहे. माणूस चालायला लागला की त्याला नावं ठेवायची, आणि तो पुढं निघून गेला की 'आमचाच हो तो' म्हणत छाती काढायची. सोपान बनसोड्यांच्या आम्रपालीच्या बाबतीत आळीनं ही दोन्ही कामं मन लावून केली. बी.कॉम. झालेली पोरगी बँकेत चिकटायची सोडून केरबा मान्यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात चलनं लिहायला बसली, तेव्हा आळी म्हणाली, "जळक्या तारांच्या वासात पोरीचं शिक्षण पार करपलं." मग तिनं संध्याकाळचा काँप्युटरचा कोर्स लावला, तेव्हा आळीनं सोपानला विचारलं, "त्याच्यावर क्रिकेट दिसतं का रं?" सोपान एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला सरळ माणूस. "दिसत आसंल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन शेजारी, काँप्युटर दुकानातच असणार असं समजून, मॅच बघायला तिथं गेले आणि केरबाच्या फौजी शिव्या खाऊन परत आले. त्यांची नावं कशाला सांगा, अजून आळीतच राहतात.

केरबा माने म्हणजे निवृत्त हवालदार. चोवीस वर्षं फौजेची यंत्रं दुरुस्त केली आणि पेन्शनीवर आल्यावर मार्केट यार्डाजवळ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं. पुढं सांगलीलाही एक दुकान झालं. ते त्याचा मेव्हणा दादासो सांभाळायचा. मिशीला पीळ, खिशाला पेन आणि जिभेला चाकू असा हा दादासो. दोन्ही दुकानांचं मिळून तीनशे बारा गिऱ्हाईक, त्यातलं निम्म्याहून जास्त उधारीचं, आणि त्या उधारीची वही केरबाच्या डोक्यात. कागदावर नुसतं बिल असायचं. ते कधी मागायचं, हे एकट्या केरबाला ठाऊक.

कारण केरबाच्या गिऱ्हाइकाकडं तारीख नावाची वस्तूच नव्हती. मोटर उचलून नेताना माणूस म्हणायचा, "केरबा, बेंदराला बैलं पुजली की देतो." दुसरा म्हणायचा, "कारखान्याची उचल आली की." तिसरा, "गावची जत्रा होऊ दे." आणि चौथा, "पोरगं सुट्टीवर आलं की." केरबा नुसती मान हलवायचा. त्याचा कायदा एकच. वेळेच्या आधी मागितलं तर तो त्या माणसाचा अपमान, आणि वेळ टळून गेल्यावर मागितलं तर तोवर पैसा दुसऱ्या वाटेनं गेलेला. म्हणून सणाचा दिवस सणाचा, दुसरा दिवस करीचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी केरबा दारात. ना एक दिवस अलीकडं, ना पलीकडं. साताऱ्यापासून कवठे महांकाळपर्यंत त्याच्या दुकानाचं नाव होतं ते मोटर चांगली भरतो म्हणून होतंच, पण त्याहून जास्त ह्या तिसऱ्या दिवसासाठी होतं.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याआधी केरबाच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पाठोपाठ काढायचं ठरलं आणि तो मिरजेला दवाखान्यात दाखल झाला. त्याच्या बायकोनं, मनुबाईनं हुकूम सोडला, तीन आठवडे कराडचं तोंड बघायचं नाही. झालं, उधारीची वही डोळ्यांवर पट्टी बांधून मिरजेत झोपली आणि इकडं दसरा डोक्यावर. दादासोनं अंदाजानं दोन घरं विचारली. एकानं ताकाचा तांब्या पुढं करून वाटेला लावलं आणि दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही.

तेव्हा आम्रपाली सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला गेली. काखेत दोनशे पानी वही. कॉटशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासनं. कुणी कवा देतो म्हणालंय त्ये."

केरबानं पट्टीखालून सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. चार दिवस ती जात राहिली. केरबा सांगायचा ते बिल कमी आणि चरित्र जास्त. "त्यो कडेगावचा, त्याची म्हस व्याली की देतो म्हणालाय, पर म्हशीवर इसंबू नगंस, गेल्या साली बी गाभण ऱ्हायली न्हवती." बाजूच्या कॉटवरचा पेशंट ऑपरेशन विसरून ऐकायचा. सिस्टर येऊन ओरडायची, "बाबा, बोलायचं नाही." केरबा म्हणायचा, "बोलत न्हाई बाई, हिसाब देतोय." बेंदराचं गिऱ्हाईक निघालं तेव्हा त्यानं बोट वर केलं. "ह्ये नीट लिव्ह. बेंदूर दोन. आपल्या कराडकडं आषाढाच्या पुनवेला. मिरजेच्या पल्याड कर्नाटकी बेंदूर, त्यो ज्येष्ठाच्या पुनवेला. एका गावाचा दुसऱ्याला लावलास तर दुकान बंद करावं लागंल."

आम्रपालीनं दोन्ही वेगळे लिहिले, खाली दोन रेघा मारल्या. वही भरली. परतीच्या गाडीत ती त्या वहीकडं बघत बसली आणि तिच्या मनात आलं, ही वहीसुद्धा उद्या पावसात भिजेल, नाहीतर उंदीर खाईल. हे असं कुठंतरी ठेवायला पाहिजे की बिल फाडलं की त्याचा दिवस आपणहून धरला जावा, आणि कराडात धरलेला दिवस सांगलीत दिसावा.

इंजिनिअरिंग कॉलेजातला एक पोरगा शेवटची परीक्षा देऊन निघाला होता, त्याचा जुना काँप्युटर केरबानं तिच्या शब्दावर घेतला. दुकानात तो आल्यावर पहिले आठ दिवस वाइंडिंगची पोरं त्याला हात लावण्याआधी हात धूत होती. आम्रपालीनं दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत जेवणाच्या सुट्ट्या घालवून प्रोग्रॅम लिहिला. बिल टाकलं की गिऱ्हाइकाचं गाव, त्यानं सांगितलेली वेळ, सण असेल तर सणाचा तिसरा दिवस, हे सगळं मशीन स्वतः काढायचं आणि एका फायलीत ओळ मांडायचं. ती फाईल फ्लॉपीवर घ्यायची, फ्लॉपी रुमालात, रुमाल जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात, आणि सोमवारी-गुरुवारी सकाळी डबा घेऊन ती कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत. तिथं पोरं अमेरिकेतल्या कुणाशी तरी गप्पा छाटत असायची. ही मधल्या खुर्चीत बसून इंटरनेटवरच्या एका फुकट कॅलेंडरात केरबाची अख्खी उधारी चढवायची. टेलिफोन किरकिरायचा, पडद्यावर रेघ हळूहळू सरकायची, आणि मग एप्रिलच्या, मेच्या चौकोनांत नावं उगवायची. सांगलीत दादासोनं कॅफेत जाऊन तेच पान उघडायचं आणि आठवड्याची यादी छापून घ्यायची. ते कॅलेंडर दोन दिवस आधी दुकानाच्या ई-मेलवर आठवणीचं पत्रही धाडायचं.

पहिल्या दिवशी तिनं एक पान छापून घरी आणलं आणि आईला दाखवलं. पारूबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं पान उजेडाला धरून नीट न्याहाळलं.

"ह्यात आपलं नाव कुठं हाय?"

"आपण कुणाचं देणं लागत न्हाई, आई."

"मग झ्याक हाय," पारूबाई म्हणाली आणि पान देव्हाऱ्यात नव्हे, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं.

पाडव्याच्या जेवणाला दादासो कराडला आला तेव्हा दुकानात सगळ्यांदेखत हा विषय निघाला. त्याला सांगलीत कॅफेत जाऊन पोरासोरांच्या रांगेत बसायचा भयंकर कमीपणा वाटत होता. श्रीखंडानं जीभ गोड व्हायची ती उलट धारदार झाली.

"दाजी, म्हंजे आता बेंदूर कवाचा, ह्ये विहारातल्या पोरीनं सांगायचं व्हय आमाला?"

वाइंडिंगच्या पोरांचे हात थांबले. आम्रपालीनं मान वर केली. आवाज चढवला नाही.

"मामा, बेंदूर पुनवेला असतो. विहारावर जी पुनव उगवती, तीच तुमच्या वाड्यावर उगवती. का तुमच्याकडं येगळी येती?"

एक पोरगं फिस्सकन हसलं. दादासोच्या मिशीचा पीळ सुटला. केरबा मात्र हसला नाही. त्याच्या नव्या डोळ्यांनी त्यानं दोघांना आळीपाळीनं बघितलं आणि फौजी निकाल दिला. "शर्त लावतो. आजपास्नं दोनी बेंदूर होईपतुर दुकान त्या कॅलेंडरावर चालंल. मी तोंड उघडनार न्हाई. एकबी गिऱ्हाईक चुकीच्या दिवशी इचारलं गेलं तर मशीन इकायचं आन् पोरीनं परत चलनं लिवायची. न्हाई गेलं, तर दोनी दुकानांचा कारभार तिच्या हातात. दादा, तुझा बी."

दादासोला शेवटचे तीन शब्द गिळायला पाण्याचा तांब्या लागला.

आता इथं आम्रपालीची हुशारीच तिला नडली. सणांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून टाकायचं काम पाच मिनिटांचं. पण तिनं ते केलं नाही. दरवर्षी बघून भरायचं असेल तर मग ऑटोमॅटिक ते काय राहिलं? पौर्णिमा तिच्या तोंडपाठ होत्या. लहानपणापासून दर पौर्णिमेला विहारात वंदना, वैशाखाच्या पौर्णिमेला बुद्धजयंती, तिथं तर ती बोट ठेवून तारीख सांगायची. मग तिनं मशीनला शिकवलं, वैशाखाची पौर्णिमा तीस एप्रिल, तिथून पुढं साडेएकोणतीस दिवस मोज आणि ओळीनं नावं दे, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. मशीननं न कुरकुरता दिली. तीस मे ज्येष्ठाची पौर्णिमा, म्हणजे कर्नाटकी बेंदूर. एकतीसला कर. एक जूनला मिरजेपलीकडची एक्केचाळीस घरं.

एप्रिल गेला. जत्रांची गिऱ्हाइकं वेळेवर विचारली गेली, वेळेवर मिळाली. मे गेला. केरबा खुर्चीत बसून सुपारी कातरायचा आणि काही बोलायचा नाही, आणि न बोलण्याचा त्याला इतका त्रास व्हायचा की मनुबाई म्हणाली, "आगं, ह्यांना काय तरी इचारत जा की, न्हाईतर पोट फुगंल."

एकतीस मे, सोमवार. आम्रपाली दुपारी जेवायला घरी निघाली तर वाटेत रंगुबाईच्या दारात ही गर्दी. रंगुबाई म्हणजे आळीची सनई, तिच्या घरी काही घडलं की सगळ्यांना ऐकू जातं. जावई पाटावर बसलेला, पुढं पितळी ताट, ताटात अनारशांचा डोंगर, आणि जावयाच्या कपाळावर घामाचे थेंब.

"खावा की जावईबापू, तेहतीस हायत," रंगुबाई म्हणत होती. "मोजून केल्यात."

"आत्याबाई, सणवार नसताना हे कसलं वाढणं?" जावई रडकुंडीला आला होता.

आम्रपाली हसत उंबऱ्याशी थांबली. "खरंच मावशी, आज काय सण?"

"आगं सण न्हाई म्हणून तर! धोंड्याचा महिना न्हवं का. तीन वर्सातनं एकदा येतो. जावयाला वाण द्यायचं."

"धोंड्याचा म्हंजे?"

"म्हंजे जास्तीचा गं. ज्येष्ठ सुरू हाय, पर ह्यो खरा ज्येष्ठ न्हवं. खरा म्होरल्या अमावशेपास्नं. ह्यो महिना मोजायचाच न्हाई. ह्यात ना लगीन, ना बेंदूर."

आम्रपालीच्या हातात रंगुबाईनं अनारसा ठेवला होता तो तसाच राहिला. विहारात पौर्णिमा आली की वंदना, ती जास्तीची आहे की खरी ते कुणी विचारत नाही, चंद्र दिसला की झालं. आणि तिनं मशीनला ओळीनं नावं द्यायला सांगितलं होतं. ह्या वर्षी पौर्णिमा तेरा आहेत हे मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. एक्केचाळीस माणसं महिनाभर आधी लागली होती. उद्या सकाळी.

जेवण राहिलं. ती उलट पावली दुकानात आली आणि सांगलीला फोन लावला. तिकडचा कारागीर म्हणाला, दादासोशेठ यादी खिशात घालून दुपारीच कवठे महांकाळला गेले, सासरवाडीत मुक्काम, उद्या सकाळपासून तिकडचीच घरं करणार. सासरवाडीत फोन नाही.

केरबा समोरच बसला होता. आम्रपालीला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. कॅफेत जाऊन कॅलेंडरातल्या तारखा बदलल्या तर अर्ध्या तासात चूक पुसली जाईल. राहील तो दादासोच्या खिशातला कागद, आणि त्या कागदाचं खापर फोडायला दादासोचं डोकं आयतं आहे. वाइंडिंगच्या पोरांतल्या एकानं तसं सुचवलंही. ती त्याच्याकडं न बघता केरबाच्या टेबलाशी गेली.

"काका, धोंड्याचा महिना मी धरलाच न्हाई. मिरजेपल्याडची एक्केचाळीस घरं उद्याला लागल्यात."

केरबाचा आडकित्ता थांबला. "कुणाला इचारलं का अजून?"

"न्हाई. उद्या सकाळी."

"मग अजून चुकलं न्हाई."

"चुकलंय. फकस्त अजून कुणाला कळलं न्हाई."

केरबानं आडकित्ता खाली ठेवला. मग उठायला लागला. "गाडी सांग. मी जातो."

"तुमी तोंड उघडणार न्हवता," ती म्हणाली. "मी जाते. चिमटा द्या."

चिमटा म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचं ते यंत्र. दुकानात ते फक्त केरबाच्या ड्रॉवरमध्ये असायचं. कशाला हवाय हे केरबानं विचारलं नाही. ड्रॉवर उघडला आणि दिला.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं मिरज, तिथून दुसरी गाडी, आणि पुढं वडाप जीपमध्ये बारा माणसांच्या मध्ये तेरावी होऊन ती निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. एक्केचाळीस घरांतलं पहिलं घर कुठलं? दादासोला नुसती वसुली करायची असती तर तो जवळच्या घरापासून सुरू झाला असता. पण त्याला गाजावाजा हवा असेल, तर तो कुणाकडं जाईल? यादीत असं एकच नाव होतं. बनाबाई. नवऱ्यामागं एकटीनं द्राक्षबाग उभी केलेली, दोन बैलांची मालकीण, आणि बोलायला लागली की चार वस्त्यांवरची कुत्री गप होतात अशी बाई. तिला वेळेआधी विचारलं तर ती बातमी संध्याकाळच्या आत कराडला पोचेल, एस.टी.चं तिकीट न काढता.

अंदाज बरोबर निघाला. बनाबाईच्या वस्तीवर पडवीत घोंगड्यावर दादासो ऐसपैस बसलेला, हातात बशी, बशीत चहा. आम्रपालीचा जीव भांड्यात पडला. चहा संपेपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही, ही तिकडची रीत, आणि बशी अजून अर्धी होती.

तिला बघून चहा दादासोच्या मिशीत गेला. "तू? आन् हितं?"

"मोटर तपासायचा चिमटा माझ्याजवळच राहिला की मामा. म्हटलं तुमचा खोळंबा हुईल." ती बनाबाईकडं वळली. "राम राम, आजी. मान्यांच्या दुकानातनं आलोय आमी."

बनाबाईनं दोघांना वरपासून खालपर्यंत मोजलं. "मी कुणाला बलवलं न्हाई. आन् आदीच सांगती, बेंदूर झाल्याबिगर माझ्या हातनं रुपाया सुटत नसतो. केरबाला ठावं हाय त्ये."

दादासोनं बशी खाली ठेवली, घसा खाकरला आणि खिशात हात घातला. "त्येचंच काय हाय, बनाआत्या..."

"त्येचं नावच काढायचं न्हाई," आम्रपाली म्हणाली. "धोंड्याच्या महिन्यात आमी पैसं मागत न्हाई. पावसाच्या आदी मोटारी बघून ठेवायच्या, एवढंच काम. फुकट हाय."

"फुकट?" बनाबाई दचकली. "केरबाची तब्येत बरी हाय न्हवं?"

आम्रपाली हसली आणि तिच्या पाठोपाठ विहिरीकडं चालू लागली. दादासोचा खिशातला हात खिशातच राहिला. आता ह्या बाईसमोर यादी काढणं म्हणजे स्वतःच्या पायानं विहिरीत उतरणं.

तपासणी नावाला करायची म्हणून ती आली नव्हती. चार वर्षं मोटारींच्या मध्ये बसून तिचा कान तयार झाला होता. चिमटा लावला, आकडा ठीक. स्टार्टरची पेटी उघडली, कॉन्टॅक्ट घासून घेतले. मग खांबाच्या बुडाशी वाकून तिनं माती उकरली आणि थांबली. अर्थिंगची तार कुणाच्या तरी कुदळीनं तुटून मातीत नुसती पडलेली. आणि त्याच लोखंडी खांबाला बनाबाईचे दोन्ही बैल बांधलेले.

"आजी, बैल हितनं सोडा आदी."

"का गं?"

"ही तार तुटल्या. उद्या पाऊस लागला, पेटीत पाणी शिरलं, की खांबात करंट उतरंल."

बनाबाई एक शब्द बोलली नाही. ती बाई गप झाली हे ऐकूनच आमच्या आळीचा विश्वास बसेना, पण दादासोनं स्वतः सांगितलंय. तिनं दोन्ही बैलांची दावी सोडली, लांब लिंबाला बांधली आणि एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आम्रपालीनं दादासोला फावडं धरायला लावलं, नवी तार पुरली, वर मीठ-कोळसा टाकून पाणी ओतलं.

वस्तीवरून निघाल्यावर बांधाबांधानं दोघं चालत होती. चिमट्याची पेटी आता दादासोच्या खांद्याला होती. ती त्याच्याकडं कशी गेली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मामा, तुमाला ठावं होतं."

"कालच सासूनं ताटात तेहतीस अनारसं वाढलं. ठावं नसायला मी काय इलायतेतनं आलोय?"

"मग बोलला का न्हाई?"

दादासोनं खांद्यावरची पेटी सावरली. "म्हटलं, एक घर इचारावं. एकच. मशीन जाईल, बाकी दुकान ऱ्हाईल."

आम्रपालीनं पावलं उचलली. उत्तर दिलं असतं तर ते कडू झालं असतं, आणि पुढं चाळीस घरं बाकी होती. बांध संपला तिथं दादासोच थांबला आणि यादी काढून म्हणाला, "म्होरलं घर गवंड्यांचं. त्येंचा स्टार्टर बी लय दिसांचा हाय. चल."

चार दिवसांत एक्केचाळीस घरं झाली. एकाही दारात पैशाचा शब्द निघाला नाही. सहा ठिकाणी तारा सैल, दोन ठिकाणी पेटीत पालीनं संसार मांडलेला. कराडला परत आल्यावर आम्रपालीनं केरबासमोर सगळं सांगितलं, दादासोचं मनातलं सोडून. ते तिनं आजतागायत केरबाला सांगितलेलं नाही. आळीला कसं कळलं ते विचारू नका, दादासोला बोलायला आवडतं.

केरबा ऐकून म्हणाला, "अजून दोनी बेंदूर बाकी हायत." बस्स. आडकित्ता पुन्हा चालू.

तिनं प्रोग्रॅम बदलला. रंगुबाईला विचारून पुढचा धोंड्याचा महिना कधी ते पक्कं केलं, भटजींच्या पंचांगाशी ताडून बघितलं, आणि मशीनला सांगितलं की ह्या महिन्यात पैशाची ओळ मांडायचीच नाही, तपासणीची मांडायची. त्याच दिवसांत वर सरहद्दीवर लढाई पेटली. फौजेतल्या पोरांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. कॅलेंडरात 'पोरगं सुट्टीवर आलं की' अशी छत्तीस घरं होती, त्यांतली काही जूनच्या चौकोनांत बसलेली. आम्रपालीनं केरबाला न विचारता ती छत्तीस नावं उचलून तारखेबाहेर ठेवली. केरबा सायंकाळी रेडिओ लावून बसायचा. त्यानं पडद्याकडं एकदा बघितलं, ती नावं कुठल्याच चौकोनात नाहीत हे बघितलं, आणि रेडिओचा आवाज वाढवला.

अठ्ठावीस जूनला कर्नाटकी बेंदूर झाला. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस घरांपैकी अडतीस घरांनी पैसे मोजून दिले, तिघांनी हात जोडून पुढचा वायदा केला, तोही मशीननं लगेच धरला. संध्याकाळी दादासोचा सांगलीहून फोन आला. फोनवर तो नेहमी ओरडतो, त्या दिवशी जरा जास्तच.

"बनाआत्यानं पैसं दिलं! वर पोळी खायला घातली. म्हणली, ती पोरगी न्हाई आली व्हय? तिला घेऊन या, तिच्या हातनं बैलांना घास द्यायचाय. आता मी काय सांगू तिला?"

"सांगा, तपासणीला येते म्हणून," आम्रपाली म्हणाली.

"व्हय... बाई," दादासो म्हणाला. पहिल्यांदाच. दुकानातल्या पोरांनी फोनबाहेर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आळीभर झालं.

जुलैच्या शेवटी आपल्याकडचा बेंदूर आला. कर झाली. तिसऱ्या दिवशीच्या यादीत सत्तावन्न घरं होती. आम्रपालीनं ती चार माणसांत वाटून दिली, कुणी कुठल्या वाटेनं जायचं ते सांगितलं आणि स्वतः फोनजवळ बसली. केरबानं सकाळी धुतलेला पांढरा सदरा घातला, छातीवर जुनी पदकं लावली आणि स्कूटर काढली. इतकी वर्षं तिसऱ्या दिवशी त्याची स्कूटर वसुलीच्या वाटेला लागायची. त्या दिवशी ती उलट दिशेनं वळली. ज्या छत्तीस घरांतली पोरं वर होती, त्या घरांतून तो एकेक करून जाऊन बसणार होता. नुसता बसणार होता. काही मागायचं नव्हतं, काही लक्षात ठेवायचं नव्हतं. चोवीस वर्षं फौजेत घालवलेला माणूस, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांशी काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं.

कृष्णेच्या पुलावर गुंडा नावाच्या गिऱ्हाइकानं त्याला हात केला. गुंडा ओगलेवाडीकडचा, मोटर न्यायला आला होता तेव्हा बेंदराला देतो म्हणालेला.

"केरबा, आवं थांबा की! पैसं खिशात घालून निघालोय. मला वाटलं तुमीच येताय. माझं कवा धरलंय?"

केरबानं एक पाय रस्त्यावर टेकला. गाडी बंद केली नाही.

"मला काय ठावं, गड्या. दुकानात जा, बाईंना इचार."

"कंच्या बाई?"

"आम्रपालीबाई. दोनी दुकानांचा कारभार आता त्येंच्याच हातात हाय," केरबा म्हणाला आणि गिअर टाकून पुलापलीकडं निघून गेला.